शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करून प्राध्यापक होताना: 2018 ते 2025

गेल्या महिन्यात एचटीई सेवार्थमध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत, माझं नाव चढलं आणि पहिला पगार खात्यावर जमा झाला. तोवर हे लिहायचं टाळलं होतं, कारण आमच्या क्षेत्रात पगार हातात पडेपर्यंत नोकरी लागली असं कुणी धरत नाही. आता धरायला हरकत नाही. मी एका अनुदानित शारीरिक शिक्षण महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे आणि एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) वर्गाला संशोधन पद्धती व संख्याशास्त्र शिकवते. नेट या प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेपासून इथवर यायला 2018 ते 2025 एवढा काळ गेला. त्यातली जवळजवळ दोन वर्षं कोविडने खाल्ली, ती धरून.

या क्षेत्रात आम्ही सगळे मैदानामुळे येतो. मी खो-खोमुळे आले. धाराशिव भागात वाढलेल्या मुलीला त्याचं काही वेगळं कारण सांगावं लागत नाही. 2020 साली इथल्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मी काही तेवढी मोठी खेळाडू नव्हे. आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोचले, बस. तर मैदानामुळे आलेल्यांना एम.पी.एड.ला संशोधन पद्धतीचा पेपर म्हणजे नको असलेला पाहुणा वाटतो. पास झालो की सुटलो. पुढे मात्र नेट, पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क (पीएच.डी.च्या सुरुवातीचा अभ्यासक्रम), मौखिक परीक्षा, मुलाखत, कुठल्याही दारात जा, हाच पेपर उभा असतो. हे मला 2014 साली, एम.पी.एड. होताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकते.

एम.पी.एड.नंतर एका खाजगी शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून काम केलं. सकाळी परेड, दुपारी ऑफ तासाला वर्ग सांभाळणं, ऑगस्ट आला की शालेय स्पर्धांचे संघ. डिसेंबर 2018 मध्ये नेट दिली. एनटीएने (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेतलेली ती पहिलीच परीक्षा आणि तीही संगणकावर. केंद्र सोलापूरला होतं. आदल्या रात्री मावशीकडे मुक्काम केला म्हणून लॉजचा खर्च वाचला. फी तेव्हा खुल्या गटाला ₹800, ओबीसींना ₹400 आणि अनुसूचित जाती-जमातींना ₹200 होती. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा विषयाचा 100 प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला 2 गुण आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न सोडून येऊ नका. दुसरं म्हणजे, खुल्या गटाला 40 टक्के मिळाले की झालं, असं अनेकांना वाटतं. ती फक्त किमान अट आहे; पात्र ठरतात ते परीक्षा दिलेल्यांपैकी 6 टक्के. आमच्या विषयात मुलं शरीरक्रियाशास्त्र, प्रशिक्षणशास्त्र, इतिहास यांत जवळपास सारखेच गुण घेतात. फरक पडतो तो मापन, संख्याशास्त्र आणि पहिल्या पेपरातल्या संशोधन अभियोग्यतेच्या प्रश्नांत. जानेवारीत निकाल लागला, मी पात्र ठरले. नेट जमली नाही तर सेट ही राज्यपातळीची पात्रता परीक्षा आहेच. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. मात्र ती दर वर्षी ठरलेल्या महिन्यात होतेच असं नाही, तेव्हा जाहिरातीवर डोळा ठेवा.

नेट असल्यामुळे आमच्या विद्यापीठात पेटच्या लेखी परीक्षेतून सूट मिळाली. ज्यांना द्यावी लागते त्यांच्यासाठी सांगते: 2016 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार त्या पेपरात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे असत आणि पात्रतेसाठी 50 टक्के लागत. म्हणजे पुन्हा तोच पाहुणा.

2019 च्या उन्हाळ्यात गाईड शोधायला निघाले. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची गाईडांची यादी जुनी होती. कुणी निवृत्त झालेले, कुणाच्या जागा भरलेल्या. नियमाने प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे आधी फोन करून जागा आहे का ते विचारायचं आणि मगच एस.टी. पकडायची. मला जे सर मिळाले त्यांनी पहिल्याच भेटीत माझा विषय वाचला: मराठवाड्यातल्या खो-खोपटूंच्या शारीरिक, मानसिक व सामाजिक घटकांचा अभ्यास. ते म्हणाले, "ताई, हे तीन जणांचं काम आहे आणि तिघांचंही अर्धवट राहील." तासाभराने कागदावर उरलं ते इतकंच: 14 ते 16 वर्षांच्या मुली, 12 आठवड्यांचं प्लायोमेट्रिक प्रशिक्षण, आणि त्याचा चपळाईवर होणारा परिणाम. प्लायोमेट्रिक म्हणजे उड्यांचे व्यायाम. जमिनीला पाय लागला की लगेच परत उसळायचं. खो-खोत खांबाला वळसा घालताना आणि खो मिळाल्या मिळाल्या उठताना नेमकं हेच लागतं.

संशोधन सल्लागार समितीपुढे आराखडा मांडला तेव्हा एकच प्रश्न वारंवार आला, मुली किती घेणार. शारीरिक शिक्षणातल्या प्रबंधांत दर गटात 15 किंवा 20 हा आकडा परंपरेने चालत आला आहे. का, ते कुणी सांगत नाही. मी जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर वापरून हिशोब नेला होता. दोन गटांतला (उड्या करणाऱ्या आणि न करणाऱ्या) फरक मोठा, म्हणजे कोहेनचा डी हे फरकाचं माप 0.8 धरलं, तर 5 टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि 80 टक्के सामर्थ्यासाठी (असलेला फरक सापडण्याची शक्यता) दर गटात 26 लागतात. फरक मध्यम, 0.5 धरला तर तोच आकडा 64 वर जातो. मी 30-30 मागितल्या, गळती धरून. समितीतल्या एका मॅडमनी तो कागद मागून घेतला आणि विषय मंजूर झाला. आराखड्यात हा एक परिच्छेद असेल तर अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

कोर्सवर्क 2020 च्या फेब्रुवारीत संपलं. 55 टक्के लागतात, तेवढे मिळाले. आणि मार्चमध्ये टाळेबंदी.

त्या काळाबद्दल फार लिहीत नाही. शाळा बंद, मैदानं बंद, खाजगी शाळेने पगार अर्धा केला आणि पुढे तोही थांबला. सहामाही प्रगती अहवाल मात्र द्यावाच लागायचा. मैदानावरचं काम शून्य असल्यामुळे मी पूर्वसंशोधनाचा आढावा लिहून घेतला आणि रोज रात्री तासभर जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकले. एसपीएसएसची किंमत आपल्याला परवडत नाही; जामोवी, जास्प आणि आर फुकट आहेत आणि प्रबंधाला लागणारं सगळं त्यांत होतं. यूजीसीने त्या काळात प्रबंध सादर करायला मुदतवाढ दिली होती. महिला उमेदवारांना 2016 च्या नियमांत सहा वर्षांवर आणखी दोन वर्षांची सवलत आहे आणि 240 दिवसांची प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही आहे. माझ्या बरोबरच्या दोघींना हे माहीतच नव्हतं. अर्ज स्वतःहून करावा लागतो, कार्यालय आठवण करून देत नाही.

2021 च्या अखेरीस एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागले. तासाला काही शे रुपये, आणि तेही सत्र संपल्यावर एकरकमी, कधी त्याहून उशिरा. घर चालवायला मी पहाटे पोलीस भरतीच्या मुलींना मैदानाची तयारी करून द्यायचे. त्याचे पैसे निदान महिन्याच्या महिन्याला मिळायचे. फेलोशिपसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिराती आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघत राहा. नोंदणीचं पत्र, गाईडचं पत्र, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला हा गठ्ठा तयारच ठेवायचा, कारण मुदत थोडी असते आणि तहसीलमध्ये दाखल्याला वेळ जातो.

आता या सगळ्यातला माझ्या आवडीचा भाग, प्रयोग.

शाळकरी मुलींवर प्रयोग करायचा तर वेळापत्रक आपल्या हातात नसतं. जून-जुलैत मैदानात चिखल. ऑगस्ट ते ऑक्टोबर शालेय स्पर्धा. त्या काळात क्रीडाशिक्षक मुली देत नाहीत आणि दिल्या तरी स्पर्धेच्या सरावामुळे आपला परिणाम कुठला आणि सरावाचा कुठला, हे सांगता येत नाही. मार्चमध्ये दहावी. उरते ती दिवाळी ते फेब्रुवारी ही खिडकी. मी नोव्हेंबर 2022 धरला.

त्याआधी नैतिक समितीची मान्यता आणि संमतीपत्रं. आमच्या विभागात अशी समिती नव्हती. जवळच्या एका फिजिओथेरपी महाविद्यालयाच्या समितीने माझा प्रस्ताव तपासायला घेतला. अर्जापासून पत्रापर्यंत तीनेक महिने गेले. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती तर लागतेच, शिवाय 12 ते 18 वयाच्या मुलीची स्वतःचीही लेखी तयारी लागते. संमतीपत्र मराठीत, आणि ते कुणी वाचून दाखवलं तर समजेल असं हवं. "सदर प्रशिक्षणादरम्यान संभाव्य अस्थि-स्नायू इजा" असलं लिहू नका. मी लिहिलं, "उड्या मारताना पाय मुरगळू शकतो. तसं झालं तर उपचाराचा खर्च मी करेन. मुलीला कधीही सोडून जाता येईल, तिला कुणी रागावणार नाही."

आमच्या भागातली गोष्ट अशी की दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची गाडी आली की आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि पोरी आजीजवळ किंवा वसतिगृहात. ऑक्टोबरच्या अखेरीस सह्या गोळा करायला गेलं असतं तर निम्मी घरं बंद मिळाली असती. म्हणून सप्टेंबरमध्येच संध्याकाळी घरोघर फिरले. एका घरी वडील सही करताना थांबले आणि म्हणाले, "मॅडम, पळायला सही कशाला लागती?" मी सगळं परत समजावलं. त्यांनी सही केली आणि वर पोरीच्या आजीचा अंगठाही घ्यायला लावला, "मागं तीच असणार हाय."

चाचणीला इलिनॉय ॲजिलिटी टेस्ट निवडली: 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आखणी, मधोमध 3.3 मीटर अंतरावर चार शंकू, त्यांच्यातून नागमोडी जाऊन परत. साहित्य म्हणाल तर शंकू, टेप, चुना आणि दोन स्टॉपवॉच, सगळं मिळून दोन-अडीच हजारांत. इलेक्ट्रॉनिक टायमिंग गेट्सचं (सेन्सरने वेळ घेणारे खांब) कोटेशन मागवलं होतं. ते लाखात आलं, फाइलला लावून ठेवलं. हाताने वेळ घेतली की ती इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा कमी येते, कारण शिट्टी ऐकून बटण दाबायला उशीर होतो आणि शेवटची रेषा मात्र डोळ्यांना आधीच दिसत असते. ॲथलेटिक्समध्ये 100 मीटरच्या हातवेळेत 0.24 सेकंद मिळवायची पद्धत त्यातूनच आली. माझ्या मुलींमधला अपेक्षित फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास, म्हणजे माणसाच्या अंगठ्याची चूक त्यातला निम्मा भाग खाऊ शकते. उपाय साधे होते, पण चिकाटीने करावे लागले. वेळ घेणारे दोघे, पूर्वचाचणीला जे तेच उत्तरचाचणीला. कोणती मुलगी कोणत्या गटात आहे हे त्या दोघांना माहीत नाही. मोजायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकीला चाचणीचा सराव, नाहीतर वाट पाठ झाल्यानेच वेळ सुधारते. आठवड्याच्या अंतराने काही मुलींची चाचणी परत घेऊन विश्वसनीयता काढली.

पायांचा प्रश्न मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता. पूर्वचाचणीच्या सकाळी निम्म्या मुली बुटांत आणि निम्म्या अनवाणी आल्या. आमच्याकडे खो-खो अनवाणीच खेळतात. बूट होते ते गणवेशाचे, काळे, गुळगुळीत तळाचे. डिसेंबरात दव पडल्यावर त्या बुटांनी वळताना घसरायलाच होणार. तिथल्या तिथे ठरवलं, सगळ्यांनी अनवाणी, आणि दव उतरल्यावर, साडेनऊनंतर. मुख्याध्यापकांना भेटून पहिला तास बदलून घेतला. प्रबंधात या गोष्टीला अर्धं पान दिलं आहे आणि ते अर्धं पान मला सर्वांत प्रिय आहे.

तिसऱ्या आठवड्यात नियंत्रित गटातली, म्हणजे ज्यांना उड्यांचं प्रशिक्षण नव्हतं त्यांतली, एक मुलगी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "मॅडम, त्यांनाच उड्या का? आम्हाला का नाही?" दोन्ही गट एकाच शाळेतले, चिठ्ठ्या टाकून पाडलेले. संध्याकाळी शाळेच्या मागून जाताना दिसलं, तीच मुलगी आणि तिच्या तिघी मैत्रिणी विटा रचून त्यांवरून उड्या मारत होत्या, अगदी प्रयोगगटाच्या शिस्तीत, आकडे मोजत. हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. दुसऱ्या दिवशी नियंत्रित गटाला एकत्र बसवून सांगितलं की फेब्रुवारीत उत्तरचाचणी झाली की तुम्हाला हाच कार्यक्रम पूर्ण शिकवणार. त्या मानल्या. मार्चमध्ये परीक्षेच्या धामधुमीतही सकाळचे तास घेऊन शब्द पाळला. त्या चौघींच्या विटांवरच्या उड्यांची नोंद मर्यादांमध्ये आहे. असं काही लपवायचं नाही. बहिस्थ परीक्षकाला ते वाचून तुमच्यावर विश्वास बसतो, शंका येत नाही.

विश्लेषणाबद्दल एक तक्रार. आमच्या विषयातल्या असंख्य प्रबंधांत प्रयोगगटाची पूर्व-उत्तर टी चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी), मग नियंत्रित गटाची वेगळी टी चाचणी, आणि पहिली सार्थ, दुसरी असार्थ, म्हणून प्रशिक्षण परिणामकारक, असा निष्कर्ष असतो. हा निष्कर्ष निघत नाही. दोन गटांतला फरक थेट तपासावा लागतो. पूर्वचाचणीचे गुण सहचल धरून, म्हणजे सुरुवातीचा फरक हिशोबात घेऊन, सहप्रसरण विश्लेषण (ॲन्कोव्हा) करणं हा त्याचा सरळ मार्ग आहे. शिवाय व्हॉट्सॲपवर "डेटा ॲनालिसिस करून मिळेल" म्हणणारे असतात. माझ्या ओळखीच्या एकाने पैसे देऊन करून घेतलं आणि मौखिक परीक्षेत स्वतःचा तक्ता त्यालाच वाचता आला नाही.

2023 च्या नोव्हेंबरात पूर्व-सादरीकरण आणि 2024 च्या जानेवारीत प्रबंध सादर. माझी नोंदणी 2016 च्या नियमांखालची, त्यामुळे किमान एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं दाखवावी लागली. नोव्हेंबर 2022 च्या नव्या नियमांत ही सक्ती नाही, पण नोकरीच्या गुणांकनात निबंध मोजले जातात, तेव्हा लिहावेच लागतात. एक निबंध परत येऊन, सुधारून छापून यायला वर्ष गेलं. "चार दिवसांत छापून देतो" म्हणणाऱ्यांना फोनवरच नमस्कार करा. तेव्हा यूजीसी-केअरची, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांची, यादी बघून नियतकालिक निवडायचो. 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती यादीच बंद केली, त्यामुळे आता संपादक मंडळ आणि तज्ज्ञ-परीक्षणाची पद्धत स्वतः तपासणं आलं.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करावं किंवा करून घ्यावं. जुन्या फॉन्टमधला मजकूर वाङ्मयचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना तीनशे पानं परत करून आणायला सांगितलं, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. छपाई, बांधणी, सादरीकरण शुल्क, शोधगंगेसाठी (प्रबंधांचं राष्ट्रीय ऑनलाइन भांडार) प्रकरणवार पीडीएफ, झेरॉक्स आणि विद्यापीठाच्या फेऱ्या असा सगळा खर्च ₹20,000 च्या पुढे गेला. सोन्याची एक बांगडी त्या काळात बँकेत होती. नंतर सोडवली.

मग नऊ महिने काहीच नाही. दोन बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल यायचे असतात आणि एकाचा आला नाही की सगळं थांबतं. दर पंधरा दिवसांनी मी परीक्षा विभागाच्या खिडकीवर जायचे आणि "पोस्टात आहे" ऐकून परतायचे. शेवटी तिथल्या एका शिपाईमामांनी सांगितलं की अर्ज करून जावक क्रमांक मागा. तोंडी चौकशीला तोंडीच उत्तर मिळतं. लेखी अर्जावर मात्र टिपणी लिहावी लागते. महिन्याभरात मौखिक परीक्षेची तारीख आली, ऑक्टोबर 2024.

परीक्षक लखनौहून आले होते. त्यांनी पहिलंच विचारलं, नियंत्रित गटाच्या मुलींचीही वेळ सुधारलेली दिसते, ती कशामुळे. मी म्हटलं, नेहमीचा खो-खोचा सराव चालू होता, चाचणी परिचयाची झाली होती, वय वाढीचं होतं, आणि चौघींनी विटांवरून उड्या मारल्या होत्या. सभागृह हसलं. पुढचा पाऊण तास त्यांनी हातवेळेवरच घेतला. अधिसूचना निघाल्यावर तात्पुरतं प्रमाणपत्र घेताना त्यावर "पदवी यूजीसीच्या 2016 च्या विनियमांनुसार प्रदान" असा उल्लेख आहे ना, ते खिडकीवरच वाचून घ्या. छाननीत तोच बघतात.

2025 च्या सुरुवातीला जाहिराती निघू लागल्या. संस्थेला आधी बिंदुनामावली (आरक्षणानुसार जागांची नोंदवही) तपासून घ्यावी लागते, सहसंचालक कार्यालयाचं ना हरकत लागतं, मग जाहिरात येते. मी दोन प्रकारच्या जागांना अर्ज करत होते: वरिष्ठ महाविद्यालयांतले शारीरिक शिक्षण संचालक, आणि शारीरिक शिक्षण महाविद्यालयांतले सहायक प्राध्यापक. सहायक प्राध्यापकाला 1 जुलै 2023 पासून नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक, पण महाविद्यालयांच्या गुणांकनात पीएच.डी.चे 25 गुण असतात, म्हणून प्रत्यक्षात ती लागतेच. एका ठिकाणाहून मुलाखतीआधी "आकड्याचं बोलून घेऊ" असा फोन आला. तिथे गेले नाही. असे फोन येतात हे माहीत असावं, एवढंच.

संचालक पदाला खेळल्याचा पुरावा लागतो, आणि माझं आंतरविद्यापीठाचं जुनं प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडलं. शिवाय शारीरिक क्षमता चाचणी असते. महिलांना 8 मिनिटांत 30 वर्षांपर्यंत 1000 मीटर, 40 पर्यंत 800. पुरुषांना 12 मिनिटांत 1800 आणि 1500. आधी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावं लागतं. आमची चाचणी मे महिन्यात दुपारी बाराला ठेवली होती. मुलाखतीसाठी साड्या नेसून आलेल्या दोघींना बदलायला जागा नव्हती; एकीने पदर खोचला आणि धावली, आमच्या फायली झाडाखाली तिच्या नवऱ्याजवळ. 800 मीटर म्हणजे काही अवघड नाही, पण उपाशीपोटी उन्हात अवघड होतं. पिशवीत ट्रॅकसूट, बूट, पाणी आणि दोन केळी ठेवा. त्या जागेवर माझी निवड झाली नाही.

जूनमध्ये आत्ताच्या महाविद्यालयात मुलाखत झाली. दहा मिनिटं शिकवून दाखवा म्हणाले, विषय तुमचा. मी खडू घेऊन नमुना आकार शिकवला, 26 आणि 64 चा तोच हिशोब. बहुतेक उमेदवार खेळाचे नियम किंवा स्नायू शिकवतात. समितीतल्या तज्ज्ञांनी मधेच विद्यार्थी होऊन प्रश्न विचारले आणि वेळ संपली तरी थांबवलं नाही. जुलैत रुजू झाले. त्यानंतर विद्यापीठाची मान्यता, मग सहसंचालकांची, मग वेतननिश्चिती (सुरुवातीचं मूळ वेतन ₹57,700), मग सेवार्थ. तोवर पगार नाही. चार-पाच महिने काढता येतील एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय आधीचं काम सोडू नका. मी पोलीस भरतीची पहाटेची बॅच अजून बंद केलेली नाही.

वर्गाचं म्हणाल तर पहिल्या तासाला फळ्यावर काहीच लिहिलं नाही. सगळ्यांना मैदानावर नेलं, एका मुलाला 50 मीटर धावायला लावलं आणि वीस जणांनी आपापल्या मोबाइलवर वेळ घेतली. मग ते वीस आकडे फळ्यावर मांडले. "मॅडम, पळणारा एक, मग वेळा वीस कशा?" मागच्या बाकावरून आलं. त्या दिवशी प्रमाण विचलनाचं सूत्र त्यांनीच मागून घेतलं. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हापासून लघुप्रबंधाला निम्म्या वर्गाला खो-खोच हवा असतो. हवा तर घ्या म्हणते, फक्त मुली कधी मिळणार ते कॅलेंडरवर दाखवा आणि पायात काय असेल ते लिहून आणा.

पीएच.डी.चा गाईड व्हायला 2022 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे किमान तीन शोधनिबंध लागतात. माझे दोन आहेत. तिसरा हातवेळेच्या विश्वसनीयतेवर लिहिते आहे. त्यासाठी टायमिंग गेट्स पंधरा दिवस वापरायला देईल अशी एखादी संस्था मराठवाड्यात किंवा पुण्यात कुणाला माहीत असेल तर कळवा; येण्याजाण्याचं आणि सांभाळण्याचं मी बघेन.